हायड्रेंजियाच्या फांदीला मुळं फुटतात कशी, आणि ती त्याआधीच मरते का

हायड्रेंजियाची फांदी कुंडीत खोचली आणि आठ दिवसांत काळी पडली, की लोक म्हणतात, "याला मुळंच फुटत नाहीत." खरं तर शोभेच्या झुडपांमध्ये फांदीपासून इतक्या सहज येणारी झाडं कमीच. फांदी मरते ती मुळं यायच्या आत सुकते म्हणून, नाहीतर सुकू नये म्हणून आपण ओतलेल्या पाण्यात कुजते म्हणून. छाट कलमाची, म्हणजे फांदीचा तुकडा (छाट) लावून रोप करण्याची, सगळी युक्ती या दोन मरणांच्या मधून फांदीला तीन-चार आठवडे सांभाळून नेण्यात आहे. कुठे कापायचं, पानं किती ठेवायची, बागेतली माती का नको, वर पिशवी कशासाठी, हे सगळे नियम तिथूनच निघतात. कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी झाडाबद्दल थोडं. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांभोवती निळ्या-जांभळ्या गुच्छांची जी झुडपं दिसतात ती बहुतेक हायड्रेंजिया मॅक्रोफिला या जातीची. मूळची जपानची, तिथल्या किनारपट्टीवरची. रानात तिचा गुच्छ चपटा असतो: मधोमध बारीक, खरी फुलं आणि कडेला चार-चार पाकळ्यांची मोठी, दिखाऊ फुलं. त्या पाकळ्यासुद्धा पाकळ्या नव्हेत. ती निदलं आहेत, म्हणजे इतर फुलांत कळीला बाहेरून झाकणारी जी हिरवी पानं असतात ती, इथे मोठी आणि रंगीत झालेली. आपण नर्सरीतून आणतो त्या गोल गरगरीत गुच्छात जवळजवळ सगळीच फुलं अशी दिखाऊ आणि वांझ असतात. कधीतरी उपजलेला हा बदल माळ्यांना आवडला आणि त्यांनी तो जपला. बी जेमतेम धरतं, आणि धरलं तरी त्यातून आईसारखंच रोप येईल याची खात्री नाही. त्यामुळे गोल गुच्छाची जात टिकवायची तर फांदीच लावावी लागते. फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड हा जर्मन डॉक्टर 1823 मध्ये नागासाकीला आला. तिथल्या ताकी नावाच्या आपल्या सहचारिणीवरून त्याने एका हायड्रेंजियाला 'ओताक्सा' नाव दिलं. त्या नावाची झाडं आजही बागांत आहेत, ती फांदीवरून फांदी लावत आल्यामुळेच.

आता मुळांकडे. फांदी कापल्यावर तिला मुळं फुटतात हे आपण इतकं गृहीत धरतो की त्यातलं नवल लक्षात येत नाही. देठातल्या पेशींचं काम ठरलेलं असतं: कुणी पाणी वर नेतात, कुणी साखर खाली आणतात, कुणी आधार देतात. त्यांच्या शेजारच्या काही पेशी मात्र अजून पुरत्या ठरलेल्या नसतात. जखम झाली आणि योग्य इशारा मिळाला, की त्या नव्याने विभागायला लागतात आणि त्यांतून मुळाचं टोक घडतं. बहुतेक झाडांत हे काम कापल्यानंतर पहिल्यापासून सुरू होतं. हायड्रेंजियाची गोष्ट त्याहून सोपी. हिच्या देठात मुळांचे सूक्ष्म अंकुर आधीपासूनच, झाडावर असतानाच, तयार होऊन सुप्त पडलेले असतात. विलो, पॉप्लर आणि आपल्या जाई-मोगऱ्याच्या कुळातल्या काही झाडांतही ही सोय आहे. म्हणजे तुम्ही कापता तेव्हा मुळं घडवायची नसतात, नुसती जागी करायची असतात.

जागं करणारा इशारा वरून येतो. शेंड्याचा कोंब आणि कोवळी पानं ऑक्झिन नावाचं संप्रेरक बनवतात आणि ते देठातून खालच्याच दिशेने वाहतं. झाड अखंड असताना ते मुळांपर्यंत जातं. फांदी कापली की वाट खुंटते आणि ऑक्झिन कापाच्या जागी साठत जातं. तिथल्या पेशींना त्यातून कळतं की इथे मुळं हवीत. फांदी उलटी खोचली तर मुळं का धड येत नाहीत याचं उत्तरही हेच: देठाला वर-खाली कळतं. ऑक्झिनचं अस्तित्व फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात ओटच्या कोंबांवर प्रयोग करून दाखवलं. 1935 मध्ये अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक ॲसिड हे कृत्रिम ऑक्झिन छाटांना मुळं फोडतं हे सिद्ध केलं. नर्सरीत मिळणाऱ्या रूटिंग पावडरमध्ये आजही बहुधा हेच असतं, टाल्क पावडरमध्ये मिसळलेलं.

खरी अडचण: नळ तोडलेला, तोट्या उघड्या

हायड्रेंजियाची पानं मोठी आणि पातळ. अख्खं झाडसुद्धा दुपारी दोनला मान टाकतं आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतं, कारण पानांतून उडून जाणारं पाणी मुळं त्या वेगाने ओढू शकत नाहीत. मग मुळंच नसलेल्या फांदीचं काय होत असेल? नगरपालिकेची जोडणी तोडलेल्या घरात टाकीत उरलेलं पाणी तेवढं आहे आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्या तोट्या उघड्या आहेत, तशी तिची गत असते. टाकी भरता येत नाही. कापलेल्या देठातून पाणी चढतं, पण फारच थोडं. तेव्हा हाती एकच उपाय राहतो, तोट्या बंद करणं.

सगळ्या बंद करून मात्र चालत नाही. पानंच काढून टाकली तर ऑक्झिन येणार कुठून, आणि नवी मुळं घडवायला लागणारी साखर कोण बनवणार? म्हणून पानांची फक्त वरची एक जोडी ठेवतात आणि तिचीही अर्धी अर्धी पानं आडवी कापून टाकतात. कापलेलं पान बघायला बरं दिसत नाही खरं, पण उरलेल्या अर्ध्यात साखर पुरेशी बनते आणि पाण्याचा खर्च निम्म्यावर येतो. दुसरा उपाय, पानाभोवतीची हवा इतकी दमट ठेवायची की पाणी बाहेर पडायलाच तयार होऊ नये. कुंडीवर पारदर्शक पिशवी घालतात ती यासाठी.

हे एकदा पटलं की हंगाम कुठला, हा प्रश्नही सुटतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात, नाशकात लावलेली छाट वाचवणं म्हणजे नुसती झटापट. मृग बरसून गेला, आर्द्रा लागली, हवेत ओल धरली आणि तापमान पंचविशीच्या आसपास उतरलं, की आपोआप अर्धं काम होतं. जूनअखेर ते ऑगस्ट हा आपल्याकडचा उत्तम काळ. योगायोग असा की जपानमध्येही हायड्रेंजियाच्या छाटा त्यांच्या जून-जुलैच्या पावसाळ्यातच लावायची रीत आहे. महाबळेश्वरात किंवा कोकणात भर पावसाळ्यात पिशवीचीही गरज नसते. तिथे धास्ती उलटी, मुसळधार सरींनी कुंडी तुंबून देठ कुजण्याची, त्यामुळे कुंड्या पडवीत किंवा पत्र्याखाली ठेवाव्या. पुण्याकडे दोन सरींच्या मध्ये वारा कोरडा असतो, तिथे पिशवी हवीच.

कुठली फांदी, कुठे काप

फूल नसलेली फांदी निवडा. शेंड्याला कळी धरली असेल तर फांदीची शिदोरी फुलाकडे जाते. दुसरी फांदी मिळतच नसेल तर निदान कळी खुडून टाका. यंदा फुटलेली हिरवी फांदी, पण अगदी लुसलुशीत नको. बोटांत धरून वाकवून बघा: नुसतीच लवली तर फार कोवळी, काठीसारखी ताठ राहून मोडेचना तर जून, आणि 'कट्' आवाज करून मोडली तर बरोबर वयाची. काही जातींच्या देठावर बारीक गडद ठिपके असतात. तो रोग नव्हे. देठाची श्वास घ्यायची छिद्रं आहेत ती.

फांदी सकाळीच कापावी, कारण रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेलं असतं. कापलेल्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळा. उन्हात पाच मिनिटं ठेवलेली छाट मान टाकते आणि ती पुन्हा ताठ झाली तरी तिचा तोटा झालेलाच असतो. ब्लेड किंवा कटर स्पिरिटने पुसून घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पुन्हा पुसा. हायड्रेंजियाला होणारे काही विषाणूजन्य रोग रसातून, हत्यारावरूनच पसरतात, आणि रोगट झाडाची छाट लावली तर नवं झाडही जन्मतः रोगट.

देठावर समोरासमोर दोन पानं जिथे फुटतात ती गाठ. काप या गाठीच्या अर्धा सेंटिमीटर खाली घ्यायचा. मुळं गाठीपाशी लवकर आणि दाट येतात, आणि गाठीच्या खाली लांब शेपूट ठेवलं तर ते कुजून कूज वर चढते. वरचं टोक धरून छाट दहा ते पंधरा सेंटिमीटर पुरते, म्हणजे गाठी दोन किंवा तीन. खालच्या गाठीची दोन्ही पानं देठालगत खुडून टाका. मातीत गाडलेलं पान हमखास कुजतं. मागे उरतो तो टोकाशी अर्ध्या पानांची जोडी असलेला बुटका दांडा. फांद्या कमी असतील आणि रोपं जास्त हवी असतील तर एक गाठ, दोन पानं आणि त्यांच्या बेचक्यातले दोन डोळे (न उघडलेले कोंब) एवढ्या तुकड्यावरही झाड येतं, फक्त वाढायला वेळ घेतं.

रूटिंग पावडर लावायचीच का? हायड्रेंजियाला ती नसली तरी चालतं. असली तर मुळं थोडी लवकर आणि जास्त येतात, आणि दहा छाटांमध्ये सारखेपणा राहतो. हिरव्या छाटेला सौम्य, म्हणजे हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग संप्रेरक) आसपासची पावडर पुष्कळ. जून फांदीला तीन हजारांची. खालचं टोक पावडरीत टेकवून जादाची झटकून टाकायची. जास्त लावल्याने जास्त मुळं येत नाहीत, उलट टोक जळतं. घरगुती उपायांपैकी दालचिनीची पूड बुरशीला थोडा अटकाव करते, मुळं फोडत नाही. मधाचंही तेच. नारळपाण्याचा सल्ला मात्र मला कधी पटला नाही. त्यात सायटोकायनिन हे संप्रेरक असतं, ज्याचा कल मुळांपेक्षा कोंबांकडे. शिवाय साखर, म्हणजे बुरशीला आयतं आमंत्रण.

मातीत का नको

छाटेला अन्न लागत नाही, कारण खायला तोंडच नाही. शेणखत, गांडूळखत, लिक्विड खत यांतलं काहीही पहिल्या महिन्यात घालायचं नाही. जखम उघडी असताना ते जंतूंनाच पोसतं. तिला लागते ओल, आणि ओलीइतकीच हवा. मुळाचा अंकुर वाढायला ऑक्सिजन लागतो. बागेतली चिकण काळी माती भिजली की तिच्यात हवेला जागाच उरत नाही. म्हणून निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), नाहीतर धुतलेली जाड वाळू. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात बऱ्याचदा मीठ असतं. मिश्रण मुठीत घट्ट दाबलं तर एखाददुसरा थेंब पडावा; धार लागली तर ते फार ओलं आहे.

पेन्सिलीने आधी भोक पाडून मग छाट त्यात सोडा, नाहीतर पावडर वरच्या वर पुसली जाते. गाठ मिश्रणात गाडली गेली पाहिजे. भोवती बोटांनी दाबून, एकदा पाणी घालून, पाणी निथळलं की पिशवी घाला, आत दोन काड्या रोवून, म्हणजे प्लास्टिक पानाला चिकटणार नाही. पाण्याची मोठी बाटली मधोमध कापून पालथी घातली तरी चालते. उजेड हवा, ऊन नको. उन्हात ठेवलेल्या पिशवीत तासाभरात छाट उकडून निघते. रोज काही मिनिटं पिशवी उघडून हवा बदला, आणि पिकलेलं, गळलेलं पान दिसलं की लगेच उचला. करडी बुरशी त्यावरच घर करते.

पाणी? पिशवीच्या आत दव दिसतंय तोवर काहीच घालायचं नाही. बहुतेक छाटा इथेच मरतात. पान जरा मलूल दिसलं की माणसाचा हात तांब्याकडे जातो. मलूल पान हवा कोरडी असल्याचं सांगत असतं, माती नव्हे. पानावर आणि पिशवीच्या आत फवारा मारा, कुंडीत ओतू नका.

दहा-बारा दिवसांनी खालचा काप फुगीर, पांढरट दिसायला लागतो. ही जखम भरण्याची खपली, मुळं नव्हेत. खूप जण इथे हरखून छाट उपटून बघतात आणि घात करून घेतात. मुळं येतात ती बहुधा गाठीजवळून, साल फोडून, आधी तांदळाच्या कणीएवढे पांढरे उंचवटे आणि मग धागे. दोन ते चार आठवडे लागतात. वरून नवं पान फुटलं म्हणजे खाली मुळं आलीच असं समजू नका. डोळा देठातल्या साठ्यावरही उघडतो. पान चिमटीत धरून अगदी हलकं वर ओढा. अडकल्यासारखं वाटलं तर मुळं धरली आहेत. पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात तळाला भोकं पाडून छाट लावली तर हाही खटाटोप नको, मुळं बाहेरून दिसतात. देठ खालून काळा होत वर आला असेल तर ती छाट गेली. शेजारच्यांना बाधायच्या आत काढून टाका.

नुसत्या पाण्याच्या ग्लासात ठेवली तरी मुळं येतात आणि मुलांना दाखवायला छान. पण पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत लावताना मोडतात आणि छाट पुन्हा शून्यावर येते. ज्याला यातलं काहीच नको त्याने दाब कलम करावं: खालची फांदी वाकवून, मातीत टेकते तिथली साल जराशी खरवडून, वर माती आणि दगड ठेवून द्यायचा. आईची नाळ तुटलेली नसल्याने सुकण्याचा प्रश्नच येत नाही. पावसाळा संपेपर्यंत मुळं धरतात. झाड जमिनीत असेल तर माझी पसंती यालाच.

मुळं आल्यावर पिशवी एकदम काढायची नाही. आधी कोपरा उघडा, मग अर्धी, असं करत आठवडाभरात रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावा. मग चार-पाच इंची कुंडीत हलवा. एकदम मोठ्या कुंडीत टाकलं तर एवढीशी मुळं तेवढी माती सुकवू शकत नाहीत आणि ती आंबते. हायड्रेंजियाची मुळं बारीक आणि वरवरची असतात, तेव्हा हलवताना गड्डा फोडू नका. तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा, म्हणजे झाड बुंध्यापासून भरेल. आणि रोप शेळी, कुत्रा, लहान मूल यांच्या तोंडापासून लांब ठेवा. पानं-कळ्या विषारी असतात.

निळ्याचं गुलाबी का झालं

महाबळेश्वरच्या निळ्या झाडाची छाट आणून पुण्यात लावली आणि फुलं गुलाबी आली, तर कुणी फसवलेलं नाही. रोप आईची हुबेहूब नक्कल आहे. बदलली ती माती. या फुलांतलं रंगद्रव्य ॲल्युमिनियमशी जोडलं गेलं की निळं दिसतं, नाहीतर गुलाबी. ॲल्युमिनियम मातीत सगळीकडे असतं, पण आम्लधर्मी मातीतच ते विरघळून मुळांना मिळतं. महाबळेश्वरचं पठार जांभ्याचं, आणि धो धो पावसाने धुपून आम्लधर्मी झालेलं, म्हणून तिथे निळा रंग न मागता मिळतो. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि बोअरवेलचं पाणीही जड, त्यामुळे कल गुलाबीकडे. याच कारणाने तिथे कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते लोह न मिळाल्याचं लक्षण. कुंडीत लाल माती, कोकोपीट आणि पावसाचं साठवलेलं पाणी यांनी खूप फरक पडतो. मोठ्या झाडाला अधूनमधून तुरटीचं सौम्य पाणी दिलं तर निळेपणा वाढतो, पण नुकतं मूळ धरलेल्या रोपाला ते सोसत नाही. पांढऱ्या जातींवर यांतल्या कशाचाच असा परिणाम होत नाही.

रंगाच्याही आधी फुलं येणार का, हे बघायला हवं, आणि इथे विकणारे सहसा गप्प बसतात. छाटेला मुळं मुंबईतही फुटतील, पणजीतही, नागपूरच्या पावसाळ्यातही. फुलाची कळी मात्र देठाच्या टोकाशी आदल्या हंगामाच्या शेवटी धरते, आणि तिला काही आठवडे थंडी लागते, ढोबळ मानाने अठरा अंशांच्या खाली. नर्सरीत जानेवारी-फेब्रुवारीत दिसणारी फुललेली कुंडी बऱ्याचदा थंड प्रदेशात किंवा थंड खोलीत ठेवून आणलेली असते, आणि झाड बुटकं राहावं म्हणून वाढरोधकही मारलेलं असतं. तिची छाट तुमच्याकडे उंच होईल, हिरवीगार होईल, आणि फुलायचं नावही काढणार नाही. पाचगणी-महाबळेश्वर, माथेरान यांसारख्या जागी ही अडचण कमी. पुण्या-नाशकात कुंडी हिवाळाभर उघड्यावर, रात्रीची थंडी लागेल अशी ठेवली तर आशा धरायला हरकत नाही. मुंबईत मी तरी पानांसाठीच लावीन.

न्यू जर्सीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे थंडी मुबलक, काळजी पहिल्या हिवाळ्याची. जून-जुलैत लावलेली छाट थंडीपर्यंत पुरती मुरलेली नसते, तेव्हा पहिलं वर्ष ती कुंडी गारठा आणि वारा लागणार नाही अशा गॅरेजमध्ये ठेवून वसंतात जमिनीत लावावी.

आणि कुठेही असलात तरी दिवाळीच्या सुमारास बाग आवरताना हायड्रेंजियाचे शेंडे छाटू नका. पुढच्या वर्षीच्या कळ्या तेव्हा त्याच टोकांवर धरत असतात. छाटायचंच असेल तर फुलं सुकल्यावर लगेच, गुच्छाच्या खालच्या पहिल्या दणकट डोळ्यांच्या जोडीवर. ते पावसाळ्यातच येत असेल तर कापलेले हिरवे तुकडे फेकू नका, त्यांच्याही छाटा लागतात.